टिकाऊ बूट आणि ओला कातळ

परवा रात्री ताईचा फोन आला. "तुझा भाचा डिसेंबरात कुठल्या तरी दरीत उतरायला निघालाय म्हणे. मामा पण येणारे म्हणतो. बरं, बूट कोण घेऊन देणारे?"

शेवटच्या प्रश्नावरचा जोर मला बरोबर कळला. मागचे बूट मीच घेऊन दिले होते.

ज्यांना ही कथा माहीत नाही त्यांच्यासाठी (नातेवाइकांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, त्यांनी ती माझ्या तोंडावर दहा वेळा ऐकवली आहे). 2022 चा श्रावण. भाचा दहावीत. आम्ही सगळे येडशीच्या रामलिंगला गेलो होतो. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला रामलिंग सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. बालाघाटच्या रांगेत एका घळीत उतरायचं, खाली महादेवाचं देऊळ, भोवती अभयारण्याची झाडी, आणि पाऊस मनासारखा झाला की धबधबा. जटायू रावणाशी लढून इथेच पडला अशी श्रद्धा आहे. आमच्याकडे वाहतं पाणी बघायला मिळणं हीच मुळात यात्रा, त्यामुळे श्रावणात गर्दी ही असतेच.

भाच्याच्या पायात मी वाढदिवसाला दिलेले नवे बूट होते. घोट्याच्या वरपर्यंत चढणारे, जाड तळव्याचे, 'वॉटरप्रूफ'. दुकानदाराने ते माझ्यासमोर वाकवून दाखवले, फरशीवर टकाटका आपटून दाखवले आणि म्हणाला, "साहेब, पाच वर्षं बघायचं काम नाही." मी तिथेच विरघळलो. दर्शन झाल्यावर पोरगा बूट घालून ओल्या कातळावर गेला. दोन पावलं नीट टाकली, तिसऱ्याला दोन्ही पाय एकदम पुढे. पडताना हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर, तेही उजव्या हाताला, आणि दहावीचं वर्ष. त्याच कातळावर येडशीची पोरं अनवाणी इकडून तिकडे जात होती, पायाच्या बोटांनी दगड चाचपत.

बुटाला मात्र ओरखडासुद्धा नव्हता!

त्या दिवसापासून मी बुटांच्या तळव्यांचा विचार करतोय. हसू नका. माझं मत असं झालंय की आपण, म्हणजे निदान आम्ही मराठवाड्यातली माणसं, चुकीचा प्रश्न विचारून बूट घेतो. आमचा प्रश्न एकच, 'किती टिकेल?'

त्याला कारणही आहे. आमच्या आण्णांनी जन्मभर टायरची चप्पल वापरली. ट्रकच्या जुन्या टायरचा तळवा, त्याच रबराचे पट्टे, वर खिळे ठोकलेले. बाभळीचा काटा तिच्यातून वर येत नसे, उन्हात तापलेला मुरूम जाणवत नसे, आणि चप्पल झिजायची वाट बघताना माणूस म्हातारा होई. कोरडवाहू शेतीच्या, काट्याकुट्याच्या मुलखात याहून शहाणं पादत्राण दुसरं नाही. 2016 साली आमच्या शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा भागात बूट निवडताना 'ओल्या दगडावर कसा चालेल' हा प्रश्न कुणाच्या डोक्यात येणार? आण्णा फक्त एकदा फसले, नळदुर्गच्या किल्ल्यात. बोरी नदीला पूर होता, नर-मादी धबधबे कोसळत होते आणि पाणी महालाकडे जाताना ओल्या पायरीवर आण्णा सरकन बसले. उठले, चप्पल काढून हातात घेतली आणि पुढचा किल्ला अनवाणी पाहिला. आम्ही तेव्हा हसलो होतो. खरं तर उत्तर त्यांनी तेव्हाच देऊन ठेवलं होतं.

गोष्ट अशी आहे की टिकणं आणि पकडणं या दोन गुणांचं रबरात फारसं जमत नाही. गुळगुळीत ओल्या दगडावर तळव्याला धरायला काय असतं? दगडाच्या पृष्ठभागावरचे बारीक खळगे, उंचवटे, बस्स. मऊ रबर त्या खळग्यांत दाबलं जातं, पाण्याचा पापुद्रा बाजूला सारतं आणि दगडाला चिकटून बसतं. कडक रबर वरच्या वर तरंगतं. पण जे रबर दगडात दाबलं जातं तेच दगडावर घासून झिजतं. शर्यतीच्या गाड्यांचे टायर असेच मऊ असतात, पकड जबरदस्त आणि आयुष्य एका शर्यतीलाही पुरत नाही. ट्रकचा टायर याच्या उलट, तो हजारो किलोमीटर जावा म्हणूनच बनवलेला. आण्णांच्या पायात ट्रक होता. आणि साडेतीन हजार रुपये मोजून भाच्याच्या पायातही मी तोच बांधला.

आता ही डिसेंबरातली दरी. सह्याद्रीत भटकणाऱ्या मित्रांनी ओळखली असेलच, सांदण. अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी साम्रद गाव आहे, तिथून जमिनीला पडलेल्या एका अरुंद भेगेत उतरायचं. दोन्ही बाजूंना सरळ उभ्या कातळभिंती, मध्ये काही ठिकाणी जेमतेम दोन-तीन माणसं शेजारी उभी राहतील एवढीच जागा, आणि तळाला धोंड्यांचा खच. ऊन तळापर्यंत पोचतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळे एकदा भिजलेला दगड लवकर सुकत नाही. वाटेत दोन पाण्याचे डोह ओलांडायचे असतात. वर्षाच्या कुठल्या महिन्यात जाता त्यावर पाणी गुडघ्याला की कमरेला ते ठरतं. पुढे दोर लावून कडा उतरायचा आणि तसंच खाली कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाकडे. पावसाळ्यात इथे जाणं म्हणजे वेडेपणा. वर पाऊस झाला की सगळं पाणी त्या भेगेतूनच जातं, आणि तिथे कुठलाच बूट उपयोगाचा नाही. अमेरिकेतल्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट 1997 मध्ये लांब कुठेतरी झालेल्या पावसाचा लोंढा आला आणि अकरा माणसं गेली.

मी या दरीत एकदा जाऊन आलोय. रामलिंगच्या प्रकारानंतर मी आधी नेटवर भरपूर वाचलं आणि जाणत्या माणसासारखा भलताच बूट घेतला. झालं असं की अशा अरुंद, ओल्या घळींमध्ये उतरण्याबद्दल नेटवर जे लिहिलंय त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या युटाचं. तिथला दगड वालुकाश्म, सॅंडपेपरसारखा खरखरीत, पावलाला स्वतःहून धरणारा. आपला दगड बेसॉल्ट, सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. कोरडा असेल तर पकड चांगली देतो, पण ओढ्याच्या तळाशी पाण्याने घासून घासून त्याचा पाटा-वरवंटा झालेला असतो. त्यावर शेवाळाचा हात फिरला की संपलंच. युटाच्या लोकांनी वाखाणलेला बूट सांदणीत माझ्याशी वाकडा वागला यात बुटाचा तरी काय दोष.

दुसरी चूक वॉटरप्रूफची. बुटातला तो न भिजणारा पडदा पावसात, दवात, ओल्या गवतात छान काम करतो. पण पाणी बुटाच्या तोंडातून आत शिरलं की तोच पडदा त्याला बाहेर जाऊ देत नाही. पहिल्या डोहातून बाहेर आलो तेव्हा माझ्या प्रत्येक पायात एकेक तांब्या पाणी होतं, आणि ते मी दुसऱ्या डोहापर्यंत इमानदारीत वाहून नेलं. कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं असेल तर पाय भिजणारच हे आधी मान्य करावं आणि पाणी पटकन गळून जाईल असा जाळीदार बूट घ्यावा. साम्रदचा जो मुलगा वाट दाखवायला आला होता त्याच्या पायात साधे स्वस्तातले कापडी बूट, तळव्याला बारीक खाचा. तो धोंड्यावरून धोंड्यावर जाताना कुठे थांबला असेल तर माझ्यासाठी.

मग घ्यायचं काय?

सह्याद्रीतल्या भटक्यांचा वर्षानुवर्षांचा लाडका 'अ‍ॅक्शन ट्रेकिंग' बूट आजही अनेकजण डोळे मिटून सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. दिसायला काही नाही, किंमत फार नाही, पण आपल्या कातळावर पकडतो. महागाच्या वाटेला जायचं तर पिवळ्या अष्टकोनी छापाचा 'व्हिब्रम' तळवा असतो. त्याची गोष्ट मला आवडते. 1935 साली आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मेले, त्याचं एक कारण त्यांची अपुरी पादत्राणं होती. त्यांचा मित्र, मिलानचा व्हिताले ब्रामानी, याने मग पिरेली या टायर कंपनीच्या मदतीने खाचांचा रबरी तळवा तयार केला. तोपर्यंत डोंगरात खिळे ठोकलेले बूट घालत. (टायर आणि चप्पल यांचं नातं इटलीतही आहे तर!) पण नुसता छाप बघून फसू नका. ही कंपनीही टिकणारं आणि पकडणारं अशी वेगवेगळी रबरं बनवते, त्यामुळे तळवा कुठल्या रबराचा हे विचारावं. खोल खाचा चिखलासाठी असतात. गुळगुळीत ओल्या दगडावर जास्तीत जास्त रबर दगडाला टेकलेलं हवं, म्हणून खाचा उथळ आणि जवळजवळ असलेल्या बऱ्या.

घोट्याच्या वर जाणाऱ्या बुटांचा मला आता मोह राहिलेला नाही. पाय घसरला तरी घोटा मुरगळू शकतोच. फ्लोटर घालून येणारेही भेटतात, त्यांची बोटं उघडी राहतात आणि दर पाच मिनिटांनी पट्ट्यात खडा अडकतो. चामड्याची चप्पल, कोल्हापुरी वगैरेबद्दल बोलायलाच नको, ती ओली झाल्यावर साबणाची वडी होते.

शेवाळावर मात्र कुठलंही रबर चालत नाही, हे भाच्यासाठी ठळकपणे लिहून ठेवतो. जपानी लोकांना ओढ्याच्या पात्रातूनच डोंगर चढायचा नाद आहे, सावानोबोरी म्हणतात त्याला. ते पूर्वी पायाला पेंढ्याच्या दोरीच्या चपला बांधायचे आणि पुढे नमद्यासारखे तळवे वापरू लागले. शेवाळाला धागे धरतात. आपल्याकडे ते मिळायचे वांधे, तेव्हा हिरवं दिसलं की पाय ठेवायचा नाही, आणि काळं चकाकत असलं तरी आधी बोटाने चाचपायचं.

दुकानात मी आता दोन उद्योग करतो. तळव्यात अंगठ्याचं नख रुतवून बघतो. थोडं आत जाऊन परत वर आलं तर ठीक. मग पाण्याची बाटली काढून दारातल्या गुळगुळीत पायरीवर ओततो आणि बूट घालून तिरक्या पावलाने उभा राहतो. एका दुकानातून मला अगदी सभ्यपणे बाहेर काढण्यात आलेलं आहे :) संध्याकाळी जावं, पाय थोडे सुजलेले असतात, आणि जे मोजे घालणार तेच घालून जावं. सुती मोजे नकोत, भिजले की फोड आणतात. उताराला बोटं पुढे सरकतात, म्हणून पुढे बोटभर जागा सोडून घोट्यापाशी नाडी घट्ट. बूट जाळीचा नसेल तर आमच्या चौकात चपला शिवणारे काका आरीने तळव्याच्या जरा वर दोन्ही बाजूंना भोकं पाडून देतात. नव्या बुटाला भोक पाडायला त्यांचा हात धजत नव्हता. "पैसे जास्त झाले का?" म्हणाले.

आणि ताई, ते रामलिंगचे बूट तुझ्या माळ्यावर आहेत ना, नव्यासारखे? ते चांगले दिसतात म्हणून त्याला देऊ नकोस. पडून राहिलेल्या बुटाचं रबर आणखी कडक होतं, आणि तळव्याच्या वरचा स्पंजासारखा थर हवेतल्या ओलाव्याने आतून कुजतो. वरून काही कळत नाही. मग ऐन दरीत तळवा जबड्यासारखा उघडतो आणि लोक तो दोरीने बांधून लंगडत घरी येतात. मी दोघांना आणलंय.

हे सगळं मी तिला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे हे मऊवाले होळीपर्यंत पण टिकायचे नाहीत?"

रोज घातले तर नाही टिकायचे, म्हटलं मी.

"आणि पैसे?"

"मामाचे."

थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, नऊ नंबर लागतो त्याला आता, आठ नको आणू.