माळ्यावरचा खोका

मैत्रिणींनो, टाकाऊतून टिकाऊ वस्तू मी या सदरात नेहमी सुचवते. पण गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माझ्याच हातून घोटाळा झाला. माळ्यावरचा बुटांचा एक खोका मी रद्दीबरोबर देऊन टाकला. आत होतं तरी काय? टूथपेस्टची टोपणं, गोळ्यांची रिकामी पाकिटं, बिघडलेल्या कॅल्क्युलेटरची बटणं, संपलेल्या रिफिली. चिरंजीवांनी संध्याकाळी घरभर शोधाशोध केली आणि न जेवताच झोपले. "आई, ते माझं अवकाशयान होतं," एवढंच म्हणाला. वर्षभर साठवलं होतं हो त्यानं!

सुट्टीत मग मीच त्याच्याबरोबर चार फुटी यान करायला बसले. सिनेमातली यानं कसल्यातरी खास साहित्याची असतील असं मला वाटे. कसलं काय! १९७७ च्या 'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीला पडदाभर सरकत जाणारं ते प्रचंड यान प्रत्यक्षात जेमतेम तीन फुटांचं होतं. अंगावरची सगळी यंत्रं म्हणजे रणगाडे, विमानं जोडायच्या प्लॅस्टिकच्या संचांतले सुटे भाग. म्हणजे त्यांच्याकडेही असा खोका होताच.

आमचं पहिलं यान नुसत्या पुठ्ठ्याचं. सकाळी पाहतो तर मधोमध वाकलेलं. एवढ्या लांबीला कणा हवाच. नळदुरुस्तीतून उरलेली एक इंची पीव्हीसीची नळी घेतली, पुठ्ठ्याच्या चकत्यांना मधे भोक पाडून त्या वीतवीतभर अंतरावर नळीत ओवल्या आणि वरून पुठ्ठा मढवला. नाकासाठी मिक्सरच्या खोक्यातला थर्माकोल कोरला. त्यावर मी हौसेनं डब्यातला फवाऱ्याचा रंग मारला आणि पाहता पाहता नाकाला खड्डे पडले! त्या रंगातल्या द्रावणानं थर्माकोल विरघळतो. तुम्ही तसं करू नका. फेव्हिकॉलचे दोन हात द्या, वाळू द्या, मग पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक रंग कुंचल्यानं लावा.

खरी गंमत मापात आहे. आमचं यान मनातल्या मनात २४० मीटरचं, म्हणजे प्रमाण १:२००. या हिशेबानं सहा फुटी माणूस ९ मिलिमीटरचा. मी खिडकी म्हणून शर्टाचं बटण लावलं, तर चिरंजीव हसले, "आई, खिडकी माणसापेक्षा मोठी झाली!" दिवाळीनंतर तो पहिल्यांदाच हसला. मग खिडक्या तांदळाच्या दाण्याएवढ्या कापल्या, टूथपेस्टचं टोपण झालं इंधनाची भली मोठी टाकी. बारीकसारीक तपशील जितका जास्त, तितकं यान मोठं दिसतं.

अंगावरचे पत्रे जुन्या लग्नपत्रिकांचे. लहानमोठे चौकोन कापायचे, एकाच मापाचे नकोत. (गणपतीचा भाग सासूबाईंनी आधीच काढून घेतला, ते बरंच झालं.) सगळं चिकटवल्यावर ते यान कमी आणि उकिरडा जास्त दिसत होतं. घाबरू नका. सगळ्यावर एकच राखी रंग द्या. मग काळा रंग खूप पातळ करून फासा आणि लगेच फडक्यानं पुसा. समईच्या नक्षीत काळपटपणा राहतो ना, तसा तो फटींत राहतो आणि यान जुनं, वापरलेलं वाटतं.

एक बाजू मात्र कोरीच राहिली. सामान संपलं, माझ्याच कृपेनं. तेव्हा चिरंजीवांनीच माझी समजूत घातली. 'स्टार ट्रेक'चं १९६४ साली बनवलेलं, सुमारे ११ फुटांचं यान अमेरिकेत वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याचीही डावी बाजू अपुरीच होती, दिव्यांच्या तारा तिकडून आत जायच्या आणि चित्रण उजवीकडून व्हायचं.

आमचं यान कोरी बाजू भिंतीकडे करून बैठकीत टांगलंय. माळ्यावर नवा खोका आलाय. त्यावर चिठ्ठी आहे, 'आईने विचारल्याशिवाय हात लावू नये.'