थकवा तिचा, दोष कुणाचा?

‘हल्लीच्या मुलींचं अभ्यासात लक्षच नसतं,’ ही तक्रार महाविद्यालयांत नेहमी ऐकू येते. तासाला पेंगतात, जर्नल वेळेवर देत नाहीत, वर्गात तोंड उघडत नाहीत. मग उपाय सुचवला जातो तो समुपदेशनाचा. समुपदेशनाला माझा विरोध नाही. समाजकार्यकर्ती म्हणून तो माझ्याच कामाचा भाग आहे. पण दुखणं कुठं आहे हे न पाहता केलेला उपाय मुलीलाच दोषी ठरवतो.

या थकव्याला मानसशास्त्रात ‘बर्नआउट’ म्हणतात. १९७४ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी त्याविषयी लिहिलं, ते मोफत दवाखान्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांकडे पाहून. म्हणजे आपल्यालाही हे दुखणं परकं नाही. २००२ मध्ये विल्मार शाऊफेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना विद्यार्थ्यांना लावली. सततचा थकवा, अभ्यासाविषयी तुटलेपण आणि ‘मला काही जमत नाही’ ही भावना, ही त्याची लक्षणं. याउलट अभ्यासात मन असल्याच्या खुणा तीन: उत्साह, निष्ठा आणि तल्लीनता.

या कसोट्या आपल्या मुलींना लावून पाहू. पहाटे पाचला उठून पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या, पहिली एसटी गाठायची, संध्याकाळी परत येऊन पुन्हा चूल. हे सगळं करून जी एम.ए.ला नाव घालते, तिच्या निष्ठेबद्दल शंका कोण घेणार? उत्साह मात्र वर्गात पोचेपर्यंतच संपलेला असतो. आणि तल्लीनता? वेळेचं भान विसरून वाचत बसायचं, तर आधी स्वतःचा म्हणावा असा वेळ हवा. कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचणारीला तो कुठून मिळणार? शासनाच्याच २०२४ च्या पाहणीनुसार देशात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. मुलगी विद्यापीठात गेली म्हणून ही वाटणी बदलत नाही.

२०२४ मध्येच महाराष्ट्र शासनाने ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. निर्णय स्वागतार्हच आहे. पण फी माफ झाली, तरी घरकाम माफ झालेलं नाही.

यापेक्षाही गंभीर गोष्ट अशी की तिला ‘मी थकले’ असं म्हणायचीही सोय नाही. अनेक मुलींचं शिक्षण अटीवर चालू असतं. विषय राहिला की स्थळं पाहायला सुरुवात. मुलगा नापास झाला तर त्याला क्लास लावतात. मुलगी नापास झाली तर तिचं लग्न लावतात. अशा घरात थकव्याची कबुली म्हणजे शिक्षण थांबवायला दिलेलं निमित्तच. म्हणून ती गप्प राहते, आणि त्या गप्प राहण्यालाच आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयांत ही नेमणूक झाली आहे का, हे आपल्या गटांनी जाऊन विचारायला हवं. आणि एवढ्यावर थांबू नये. मुलगी समुपदेशकापाशी बोलली ते घरी कळवलं जाणार नाही, याची हमी मागावी. एसटीच्या वेळा आणि तासांच्या वेळा यांचा मेळ घालायला लावावा. मुलींच्या वसतिगृहाचं दार ग्रंथालयाच्या आधी बंद होता कामा नये. २०१५ मध्ये दिल्लीतल्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’च्या रूपाने हाच प्रश्न रस्त्यावर आणला होता.

आणि मैत्रिणींनो, बचतगटाच्या बैठकीत, महिला मंडळात हा विषय आयांसमोरही मांडायला हवा. परीक्षेच्या महिन्यात मुलाला जशी घरकामातून सूट मिळते, तशी मुलीलाही मिळाली पाहिजे. खरं तर वर्षभर ते काम बहीण-भावात आणि वडिलांतही वाटलं गेलं पाहिजे. मुलींनी तणाव कसा सोसावा याची शिबिरं आपण पुष्कळ घेतली. आता तो तणाव कमी कोणी करायचा, याची बोलणी सुरू करू या.