स्मारक म्हणजे साक्ष

गोदावरीकाठच्या कोपरगावास दोन वारसे लाभले आहेत. एक बेटावरचा, शुक्राचार्य आणि कच-देवयानी यांच्या कथेचा. दुसरा राघोबादादांच्या वाड्याचा. पहिला गावाने मनापासून सांभाळला. शुक्राचार्यांच्या मंदिरात विवाहास मुहूर्त पाहावा लागत नाही, ही श्रद्धा आजही जागती आहे. संजीवनी हे नाव तर तालुक्यातील सहकारी साखर कारखान्यानेही धारण केले. दुसऱ्या वारशाविषयी मात्र गावाचे मन अवघडलेले दिसते. शिर्डीस जाणारे असंख्य यात्रेकरू कोपरगावच्या स्थानकावर उतरतात. परंतु पेशवाईच्या इतिहासातील एक अंक या गावात संपला, हे त्यांस क्वचितच कोणी सांगत असेल.

1782 च्या सालबाईच्या तहाने राघोबादादांच्या पेशवेपदाच्या आकांक्षेवर पडदा पडला. वर्षासन पत्करून ते कोपरगावी राहिले आणि डिसेंबर 1783 मध्ये येथेच निवर्तले. जवळच्या हिंगणी येथेही त्यांचा वाडा होता. त्यांचे कुटुंब 1793 पर्यंत कोपरगावीच होते. पुढे त्यास नाशिकजवळच्या आनंदवल्लीस हलविण्यात आले. म्हणजे जे दुसरे बाजीराव पुढे अखेरचे पेशवे ठरले, त्यांच्या कुमारवयाची वर्षे या नदीकाठी गेली.

गावाचे मन अवघडावे, यास कारण आहे. 1758 मध्ये मराठ्यांचे निशाण अटकेपर्यंत नेणाऱ्या मोहिमेचे नेते तेच. 1773 च्या नारायणराव पेशव्यांच्या वधाचा डाग ज्यांच्या नावास लागला तेही तेच. आणि 1775 मध्ये सुरतेस तह करून घरचे भांडण इंग्रजांच्या दारी नेणारेही तेच. अशा पुरुषाचे घर कशासाठी जपावयाचे, असा प्रश्न कोणी केला तर तो उडवून लावण्याजोगा नव्हे. त्याचे उत्तर पुण्यात आहे. नारायणरावांचा वध ज्या शनिवारवाड्यात झाला, तो 1828 च्या आगीत बव्हंशी भस्मसात झाला. तरीही त्याचा तट आणि दरवाजे पुण्याने राखले. ते राखल्याने वधाचा गौरव झाला, असे कोणी म्हणत नाही. स्मारक म्हणजे गळ्यात घातलेला हार नव्हे. ती साक्ष होय. आणि साक्षीदार सज्जनांच्याच घरचा असला पाहिजे, असा नियम कोणत्याही न्यायालयात नाही.

आता प्रश्न उरतो तो मार्गाचा. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी 1958 चा केंद्रीय कायदा आहे, राज्यासाठी 1960 चा आहे. परंतु या कायद्यांच्या याद्यांत निवडक थोर वास्तूच बसतात. जुना घाट, कोरीव तुळयांचा एखादा खासगी वाडा, बेटावरील एखादी जुनी वाट यांचे रक्षण दिल्लीने किंवा मुंबईने करावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. ते काम नगरपरिषदेचे, आणि त्याचा अधिकारही तिच्याजवळ आहे. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 22 अन्वये ऐतिहासिक वास्तू व स्थळे यांच्या जतनाची तरतूद शहराच्या विकास आराखड्यात करता येते. मुंबईने 1995 मध्ये वारसा-नियम करून आपल्या इमारतींची तीन श्रेणींत वर्गवारी केली. कोठे वीटही हलवावयाची नाही आणि कोठे आतून बदल करू द्यावयाचा, हे त्यामुळे ठरून गेले. शिवाय ज्याची इमारत वारसा म्हणून अडकते त्या मालकास विकास-हक्काच्या हस्तांतरणाने भरपाई मिळण्याची वाटही तेथे ठेवण्यात आली. हे न्याय्यच होय. कारण समाजाच्या आठवणीचा खर्च एकट्या घरमालकाने सोसावा, असे म्हणणे म्हणजे त्याच्या हाती पहार देणेच आहे.

पाणी आणि रस्ते यांची चिंता असलेल्या गावास हा षोक कशास, असे कोणी म्हणेल. परंतु यादी करण्यास फारसा पैसा लागत नाही. गावातील इतिहासाचे शिक्षक, एखादा वास्तुशास्त्रज्ञ आणि जुनी माणसे यांची समिती नेमावी. प्रत्येक वास्तूचे छायाचित्र, मोजमाप आणि हकीकत नोंदवावी. यादी प्रसिद्ध करून मालकांच्या व नागरिकांच्या हरकती ऐकाव्यात. आणि मगच ती आराखड्यात घालावी. वाड्यापाशी एक फलक लावावा, त्यावर अटकही असावी आणि 1773 सालही असावे.

पडलेली भिंत पुन्हा बांधता येते. परंतु ती मूळची भिंत नसते. बेटावरच्या कथेत मृतास उठविणारी विद्या होती. नगरपरिषदेजवळ तशी विद्या नाही. तेव्हा वास्तू उभ्या आहेत तोवरच ही यादी झाली पाहिजे, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.