चूल, मूल आणि बर्गर

"बायकांची जागा स्वयंपाकघरात." ८ मार्च २०२१ ला, म्हणजे थेट महिला दिनालाच, ब्रिटनच्या बर्गर किंगने हे ट्विट केलं. आपल्याकडच्या 'चूल आणि मूल'चीच ही इंग्रजी आवृत्ती. खालच्या ट्विट्समध्ये खुलासा होता : अर्थात, त्यांची इच्छा असेल तर; शेफमध्ये स्त्रिया फक्त २० टक्के आहेत, म्हणून आम्ही आमच्याकडच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू करतोय. लोक भडकले. कंपनीने माफी मागितली, ट्विट काढून टाकलं.

"हेतू तर चांगला होता ना?" असं तेव्हा अनेकांनी विचारलं. असेलही. पण मी सॉफ्टवेअर लिहितो, मला हेतूआधी रचना दिसते. ट्विटरवर प्रत्येक ट्विट ही स्वतंत्र नोंद असते. तिचे लाइक वेगळे, शेअरचं बटण वेगळं. पहिलं वाक्य कुणी पुढे पाठवलं की दुसरं आपोआप सोबत जात नाही. म्हणजे टोमणा गावभर फिरतो आणि शिष्यवृत्ती मागेच राहते. हे जाहिरातवाल्यांना ठाऊक नसतं? ते तर यावरच पगार घेतात. अमेरिकेत हीच ओळ न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर छापली गेली. तिथे निदान खुलासा त्याच पानावर खाली होता.

याच कंपनीची २००६ ची अमेरिकन जाहिरात आठवा (यूट्यूबवर सापडेल). हेलन रेड्डीचं 'आय अ‍ॅम वुमन' हे स्त्रीमुक्तीचं गाणं पुरुषांच्या तोंडी घातलंय. बायकी खाणं नको म्हणत ते मोठा बर्गर घेऊन रस्त्यावर उतरतात आणि शेवटी एक मिनीव्हॅन पुलावरून खाली ढकलतात. पुरुषांचीच टिंगल आहे, असं म्हणता येईल. पण तीच टिंगल करून त्यांना बर्गरही विकायचाय!

मला खटकतं ते वेगळंच. २० टक्क्यांचा मुद्दा खरोखर मोठा होता. आपल्याच लग्नांत, वलीम्यात बघा. घरी रोज दोन वेळचं अम्मी-आपा रांधणार, बिनपगारी. पण देगीवर उभा राहून मोबदला घेणारा बावर्ची बहुतेक वेळा पुरुषच. देग जड असते, हे कारण लगेच पुढे येतं. हॉटेलच्या गॅसवरची कढई काय जड असते? स्वयंपाकाला पैसे मिळू लागले की तो बाईच्या हातून का सुटतो, यावर झणझणीत विनोद करता आला असता. त्यांनी निवडला तो आजोबांच्या काळातला टोमणा.

तसे टोमणे आपल्या फॅमिली ग्रुपवरही रोज येतात : बायको, लाटणं, शॉपिंग. मी हल्ली एवढंच विचारतो, "यात हसायचं नेमकं कुठे?" भाईजान लोकांकडून उत्तर म्हणून आणखी एक हसरा इमोजी येतो. परवा मात्र माझ्या चुलत बहिणीने लिहिलं, "मलाही सांगा."