हाताची ओळख आणि बुद्धीची ओळख

ओळखीचें साधन सुलभ वाटतें, हें खरें. परंतु ओळख हाताची असते तशी बुद्धीचीही असते. पाचगणी ही शाळांची नगरी. येथें संगणकाचा इंग्रजी कळफलक मुलांच्या लौकर अंगवळणीं पडतो, आणि मग ‘क’ उमटविण्यासाठींही पुष्कळांस आधीं रोमन ‘के’ आठवावा लागतो. १९८६ सालीं सिद्ध झालेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाची मांडणी मात्र आपल्या वर्णमालेस धरून आहे : डाव्या हातास स्वर, उजव्या हातास बहुतेक व्यंजनें, क-ख, ग-घ या जोड्या एकेका कळीवर. बोटांस ती प्रथम परकी वाटते. पण बालपणीं वर्णमाला घोकलेल्या बुद्धीस ती जुनीच ओळखीची आहे. बोटांची ओळख थोड्या अभ्यासानें होते. लिपीशीं तुटलेली ओळख पुन्हां जोडणें कठीण. यास्तव पालकांनीं मुलांस मराठीसाठीं हीच मांडणी आधीं शिकवावी, असें आम्हांस वाटतें.