धुरा आणि दरड

आमच्या ब्रह्मपुरीकडे सगळा धानाचा सपाट मुलूख. मुंबईत दरड कोसळल्याची बातमी आली की इथे चहाच्या टपरीवर एकच प्रश्न, "लोक तिथे राहतातच कशाला?" मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. परवडणारी जागा तिथेच मिळते, म्हणून राहतात! विचारायचं ते हे, की त्या उतारातलं पाणी जातं कुठे?

जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड झोपड्यांवर आली, साठाहून जास्त माणसं गेली. १८ जुलै २०२१ ला चेंबूरच्या भारत नगरात तर दरडीबरोबर भिंतच घरांवर पडली. आणि आपला ठरलेला उपाय काय? पायथ्याशी भिंत बांधा.

धुरा कधी फुटतो हे आमचा शेतकरी सांगेल. बांधी तुडुंब भरते आणि पाण्याला वाट नसते तेव्हा. भिंतीचंही तेच. पाणी जायची छिद्रं बुजली की मागची भिजलेली माती तिला रेटते. म्हणून नुसता उताराचा कोन मोजून धोका कळत नाही. पायथा कुणी खणलाय का, सांडपाणी कुठे मुरतंय, झाडं कललीत का, जमिनीला भेगा पडल्यात का, हे दर पावसाळ्यात बघावं लागतं. आणि ते आधी दिसतं तिथे राहणाऱ्यालाच.

धोक्याच्या जागांची यादी जरूर करा. पण भेग दिसल्यावर रात्री कुणाला फोन करायचा, पोरंबाळं घेऊन कुठे जायचं, हेच त्या घराला माहीत नसेल तर ती यादी काय कामाची?