ऑडिशनच्या रांगेत भरतमुनी

‘मला अभिनयच करायचा आहे’ हे वाक्य आता मध्यमवर्गीय मराठी घरात नवे राहिलेले नाही. मुलामुलींनी नाट्य-चित्रपटांकडे वळावे, यात गैर काहीच नाही. ज्या समाजाने नाट्याला पाचव्या वेदाचे स्थान दिले, त्याने नटाच्या व्यवसायाकडे तुच्छतेने पाहणे शोभणारे नाही. चिंतेचा विषय वेगळाच आहे. अभिनय शिकण्याआधी ऑडिशन ‘काढायला’ शिकविणाऱ्या चार-आठ दिवसांच्या शिबिरांचे पेव फुटले आहे.

ऑडिशन म्हणजे काय? कॅमेऱ्यासमोर नाव, वय, उंची सांगायची, डावी-उजवी बाजू दाखवायची आणि हाती आलेला उतारा दोन-तीन मिनिटांत सादर करायचा. आता तर घरीच मोबाईलवर चित्रित करून पाठविण्याची पद्धत रुळली आहे. नजर कोठे ठेवावी, आवाज किती लावावा, हे तंत्र शिकावेच लागते आणि ते थोड्या दिवसांत शिकताही येते. तथापि तंत्र हे केवळ दार आहे. आत शिरल्यावर दाखवायचे काय, हा प्रश्न उरतोच.

भरतमुनींनी त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार ‘नाट्यशास्त्रा’त सांगितले आहेत. आजची शिबिरे केशरचना, वेश, छायाचित्रे यांवर, म्हणजे आहार्यावरच भर देतात. सत्त्व मात्र एकाग्र मनातून निर्माण होते, असे शास्त्र सांगते. एकाग्रता आठवड्यात विकत मिळत नाही. भरतमुनींनी नाट्यधर्मीबरोबर लोकधर्मीही सांगितली; कॅमेऱ्याला हवा असलेला सहज अभिनय या लोकधर्मीच्याच जवळचा आहे. म्हणून हे शास्त्र कालबाह्य झाले, असे मानण्याचे कारण नाही.

महाकवी वळ्ळत्तोळ यांच्या प्रयत्नांतून १९३० साली उभ्या राहिलेल्या केरळ कलामंडलममध्ये कथकळीचा विद्यार्थी पहाटेपासून केवळ डोळ्यांच्या हालचालींचा सराव करतो आणि ही साधना वर्षानुवर्षे चालते. १९५९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रमही तीन वर्षांचा, पूर्णवेळ आहे. आपल्याकडे १९५४ पासूनची राज्य नाट्य स्पर्धा आणि १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक यांनी हेच काम केले. तालमींत घासून निघालेला नट ऑडिशनला घाबरत नाही.

पालकांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भूमिका देण्यासाठी किंवा ऑडिशन घेण्यासाठी कलावंताकडून पैसे मागितले जात असतील, तर तेथून परत फिरावे. नोंदणीशुल्क, ‘पोर्टफोलिओ’ची सक्ती, आगाऊ रक्कम ही फसवणुकीची ठरलेली चिन्हे आहेत. मुलगा-मुलगी अल्पवयीन असेल, तर सोबत जाणे हे पालकांचे कर्तव्यच आहे.

केवळ उपदेश करून मात्र समाजाचे काम संपत नाही. १९८१ पासून कलाक्षेत्रात काम करणाऱ्या संस्कार भारतीसारख्या संघटनांच्या आणि आपल्या शाळांच्या हाताशी सभागृहे आहेत, जाणकार माणसे आहेत. शुद्ध उच्चार, पाठांतर, उताऱ्याचे वाचन, योगासने आणि आठवड्यातून एक तालीम एवढे जरी वस्तीपातळीवर सुरू झाले, तरी होतकरू मुलांना घरातील पुंजी मोडून मुंबई गाठावी लागणार नाही. ज्याला जायचे असेल, तो तयारीनिशी जाईल. आणि निवड झाली नाही, तरी उत्तम बोलणारा, ताठ मानेने उभा राहणारा नागरिक होऊन परतेल.